एका तिकिटात किती गावं?

सोलापूरहून चेन्नईचं तिकीट काढलं आणि वाटेत रेणीगुंट्याला उतरून तिरुपती केलं, तर पुढे चेन्नईला जायला नवं तिकीट काढावं लागत नाही. सोलापूरच्या नवी पेठेतल्या जुन्या दुकानदारांना हे पाठ असतं, त्यांच्या मुलांना बहुधा ठाऊकच नसतं. रेल्वेचा नियम असा: तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचं हवं. पहिले ५०० किलोमीटर झाल्याशिवाय प्रवास तोडता येत नाही. हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एक मुक्काम मिळतो, त्यापुढच्या तिकिटावर दोन. मुक्काम दोन दिवसांचा, त्यात पोहोचल्याचा आणि निघण्याचा दिवस धरत नाहीत. उतरल्यावर स्टेशन मास्तरांकडून तिकिटावर शेरा घ्यायचा. राजधानी, शताब्दीला ही सोय नाही. आणि मुंबईचं तिकीट काढून दोन दिवस पुण्यात मामाकडे राहीन म्हणाल तर तेही नाही, कारण सोलापूर-मुंबई हे अंतर मुळातच साडेचारशे किलोमीटरच्या घरातलं.

हे पुस्तक विमानप्रवासाचं आहे, त्यातही पैशांऐवजी पॉइंट देऊन काढायच्या तिकिटांचं. तरी सुरुवात रेल्वेपासून केली, कारण दोन्हीकडचं गणित एकच आहे आणि रेल्वेचं आपल्या सरावाचं आहे. अंतर वाढेल तसं रेल्वेचं भाडं किलोमीटरमागे उतरत जातं. सोलापूर ते रेणीगुंटा आणि रेणीगुंटा ते चेन्नई अशी दोन तिकिटं काढली तर एका तिकिटापेक्षा जास्त पैसे पडतात. म्हणजे लांब जाणाऱ्याला रेल्वे सूट देते. सूट दिली की पाठोपाठ धास्ती आलीच: लोक दोन निरनिराळे प्रवास एका तिकिटात खपवतील. ५०० किलोमीटरची अट, दोन दिवसांची मर्यादा, मास्तरांचा शेरा, हे सगळं त्या धास्तीपोटी. विमान कंपन्यांचे नियम वाचताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की निम्मं काम झालं. पानंच्या पानं अटी-शर्ती लिहून कंपनी सांगत असते ते इतकंच: इथून तिथे जायचं तिकीट दिलंय, वाटेत थोडं थांबा, पण एका तिकिटात दोन सहली उरकू नका. आणि आपली सगळी खटपट असते ती एका तिकिटात दोन सहली उरकण्याची.

या ओढाताणीत पहिला प्रश्न येतो तो थांबणं कशाला म्हणायचं हा. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली. त्यानंतर कित्येक दशकं वारकरी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरत आणि छोट्या गाडीत बसत. फलाटावर तासन्‌तास जात, शिदोऱ्या सुटत, डुलक्या होत. पण आपण कुर्डुवाडीला जाऊन आलो असं त्यातलं कोणी कधी म्हणालं नसेल. गाडी बदलणं वेगळं आणि गावात राहणं वेगळं. विमानाच्या भाषेत पहिलं कनेक्शन, दुसरं स्टॉपओव्हर. आंतरराष्ट्रीय प्रवासात या दोहोंमधली रेघ २४ तासांवर आखलेली आहे. रेल्वेचाही हाच आकडा आहे: जोडगाडीसाठी २४ तासांपर्यंत थांबलात तर तो मुक्काम धरत नाहीत. फ्रँकफर्टला सकाळी आठला उतरलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालात, तर हिशेबात तुम्ही तिथे थांबलाच नाहीत. दिवसभर नदीकाठी हिंडलात, हॉटेलात झोपलात, तरी कंपनीच्या लेखी तुम्ही फलाटावर बसलेले वारकरीच. अमेरिकेच्या देशांतर्गत प्रवासात मात्र ही रेघ चार तासांवर येते, आणि तिथे आपली माणसं हमखास फसतात.

दुसरी संज्ञा ओपन जॉ: एका गावी उतरायचं आणि परतीला दुसऱ्याच गावाहून बसायचं, मधलं अंतर आपलं आपण कापायचं. परदेशी मार्गदर्शिकांमध्ये याची उदाहरणं असतात ती लंडनला उतरून पॅरिसहून परतण्याची. सोलापूरकराला या सवलतीचा खरा उपयोग घराच्या बाजूला आहे. आपलं गाव मुंबई आणि हैदराबादच्या मध्ये बसलंय, आणि हैदराबाद त्यातल्या त्यात जवळ. जाताना मुंबईहून जावं आणि येताना हैदराबादला उतरावं, हे विमान कंपन्यांच्या पॉइंटांच्या बहुतेक झोनवार तक्त्यांत जादा पॉइंट न देता जमतं, कारण कंपन्यांच्या लेखी भारत हा एकच झोन असतो. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांना हे सांगावं लागत नाही. त्यांची सोयरीक तिकडचीच, परतीच्या वाटेवर एक लग्नही उरकून होतं.

आता मार्गाचे नियम. पैशाच्या तिकिटांत जुनी पद्धत अशी की कुठल्याही दोन शहरांमध्ये जास्तीत जास्त किती मैल उडता येईल याचा आकडा छापलेला असे. तो साधारणपणे सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा वीस टक्के जास्त. तेवढ्या मैलांत कितीही वळसे घ्या. त्याच्या वर गेलात की पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी अधिभार, आणि पंचवीस टक्क्यांच्या पुढे तिकीटच तुटायचं, म्हणजे दोन तिकिटांचे पैसे. तिकीट कार्यालयातली मुरलेली माणसं हा हिशेब कागदावर पेन्सिलीने करत आणि गिऱ्हाइकाला न मागता एखादं गाव फुकट दाखवून आणत. ती जात आता संपली. पॉइंटांच्या तिकिटांत या मैलांच्या हिशेबाचे निरनिराळे वारसदार आहेत. कुणी मैलांचे पट्टे पाडतं, कुणी झोन पाडतं, कुणी दिशेची अट घालतं, तर कुणी सरळ विमानांची संख्या मोजतं.

एक प्रवास जवळून पाहू. नवी पेठेतलं एक जोडपं, मुलगी टोरंटोला, जाताना जर्मनी बघायची हौस. एअर कॅनडाच्या एअरोप्लॅन योजनेत एकेरी तिकिटावर ५,००० जादा पॉइंट देऊन एक मुक्काम घेता येतो, तोही ४५ दिवसांपर्यंत. फक्त तो कॅनडात किंवा अमेरिकेत चालत नाही. म्हणजे फ्रँकफर्टला दहा दिवस राहून पुढे टोरंटो, हे नियमात चपखल बसतं. पण त्यांच्या तक्त्यात उत्तर अमेरिका आणि आपण यांच्यातल्या प्रवासाचे मैलांवर पट्टे आहेत: ४,००० पर्यंत, ६,००० पर्यंत, ८,००० पर्यंत आणि त्यापुढे. आणि मैल मोजतात ते प्रत्यक्ष उडालेल्या टप्प्यांचे. मुंबई ते फ्रँकफर्ट ते टोरंटो हे अंतर किती भरतं? साधारण आठ हजार मैल. नेमकं रेघेवर! इथे शे-पन्नास मैल इकडे-तिकडे झाले की प्रत्येक माणसामागे हजारो पॉइंटांचा फरक पडतो. म्हणून अशा वेळी आधी हौस बाजूला ठेवायची आणि टप्पा टप्पा मोजायचा. म्युनिक, झुरिक, लंडन, इस्तंबूल, प्रत्येकाची बेरीज थोडी वेगळी येते. बेरीज रेघेच्या पलीकडे जाणारच असेल तर मग मागे बघू नये. पलीकडच्या पट्ट्याला वरची मर्यादा नाही, तेव्हा मुंबईहून थेट निघण्याऐवजी हैदराबादहून निघालं किंवा टोरंटोच्या पुढे व्हँकुव्हरपर्यंत गेलं तरी मैलांपायी पट्टा बदलत नाही. रेघेच्या जेमतेम पलीकडे थांबणं हा सर्वांत महागडा प्रकार.

हेच जोडपं सिडनीला जाणार असतं तर उत्तर निराळं आलं असतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये सेव्हर वर्गातल्या ये-जा तिकिटावर एक मुक्काम फुकट आहे, जास्तीचा हवा असेल तर १०० अमेरिकन डॉलर. तो मुक्काम सहज मिळतो कारण सगळी विमानं सिंगापूरहूनच वळतात, आणि पाहुणा दोन दिवस आपल्या गावात राहिला तर कंपनीलाही हवंच असतं. एक ढोबळ नियम यातून निघतो: कंपनीच्या घरच्या गावी मुक्काम मागितला तर ती हसून देते, परक्या गावी मागितला तर मोजून देते.

वाटेत थांबण्याची ही सवलत आली कुठून, याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हा करत गेलं. प्रवाशांना पिरॅमिड दाखवायचे म्हणून नव्हे, विमानालाच दम खावा लागे म्हणून. पॅन अ‍ॅमची १९४७ मध्ये सुरू झालेली पृथ्वीप्रदक्षिणेची सेवासुद्धा अशीच, कलकत्त्यासारख्या ठिकाणी टेकत टेकत जाणारी. विमान उतरणारच आहे तर प्रवासी आज उतरला काय आणि चार दिवसांनी पुढच्या विमानात बसला काय, कंपनीचं फारसं बिघडत नसे. पुढे विमानांचा पल्ला वाढला, थांबे गळाले, पण भाड्याच्या नियमांत थांबण्याचा हक्क शिल्लक राहिला. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हांटेज योजना काढली, हळूहळू सगळ्यांनी काढल्या. मग स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम अशा टोळ्या झाल्या आणि एका कंपनीचे पॉइंट दुसरीच्या विमानात चालू लागले. ११ जुलै २०१४ ला एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये गेली, तेव्हापासून आपल्याकडचे पॉइंट देऊन जपानी, जर्मन, तुर्की विमानांत बसता येतं. गुंतागुंत वाढली तीही तिथूनच.

प्रदक्षिणेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जपानच्या ऑल निप्पॉन कंपनीचं पॉइंटांवर मिळणारं पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट हे या छंदातलं पंढरपूर मानलं जाई. एकाच दिशेने जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक प्रत्येकी एकदाच ओलांडायचा, आणि वाटेत आठ मुक्काम. जून २०२५ मध्ये ते बंद झालं. पण आपल्या रेल्वेचं चक्री तिकीट अजून चालू आहे, त्यातही मुक्काम आठच. निघालो तिथेच परत यायचं, संपूर्ण अंतराचे दोन सारखे भाग करून प्रत्येकाचं एकेरी भाडं लावायचं, म्हणजे लांब पल्ल्याची सूट दोन्ही भागांना पुरेपूर मिळते. वाडी, गुंतकल, रेणीगुंट्यावरून चेन्नई, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि परत बंगळुरू, हुबळी, गदग, विजयपूर, होटगी, अशी वाट आखून अर्ज विभागीय वाणिज्य कार्यालयात द्यायचा. सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय ठिकाण असल्यामुळे हे कार्यालय आपल्या गावातच आहे. तरीही या तिकिटाचं नाव काढलं की लोक तोंडाकडे बघतात. पॉइंटांच्या मागे धावणाऱ्यांनी आधी एकदा हे तिकीट काढून बघावं, असा माझा आग्रह आहे. मार्ग आखणं, आठ गावं निवडणं, प्रत्येक ठिकाणचे दिवस बसवणं, पुढचं आरक्षण मिळेना म्हणून क्रम फिरवणं, सगळी तालीम होते आणि चूक झालीच तर ती स्लीपरच्या दराने होते.

आता दोन गोष्टी, ज्या परदेशी पुस्तकांत नसतात कारण ती लिहिणाऱ्यांना त्यांची झळ लागत नाही. पहिली पासपोर्टाची. नियम म्हणतो फ्रँकफर्टला थांबा, पण विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकायला आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी, मुंबईची फेरी, बँकेची स्टेटमेंटं, हे सगळं त्या ‘फुकट’ मुक्कामाच्या खात्यावर मांडायला हवं. उलट अमेरिकेचा वैध व्हिसा हातात असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, मग मुक्काम इस्तंबूललाच का करू नये? आपल्याकडे मार्ग आखायची सुरुवात नकाशापासून करण्यात अर्थ नाही. पासपोर्टाची पानं उघडून कुठले शिक्के आहेत ते आधी बघावं. दुसरी गोष्ट कराची. पॉइंट भाड्याला चालतात, करांना बहुधा रोकडाच मोजावा लागतो. लंडनहून २४ तासांच्या आत पुढे निघालात तर ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर लागत नाही, मुक्काम केलात की लागतो, आणि बिझनेस क्लासला तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. फुकटातलं लंडन अशा वेळी विकतच्या लंडनपेक्षा फार स्वस्त राहत नाही.

नवी पेठेत या विषयाची गोडी लागली ती कार्डांमुळे. कापडाचा, तयार कपड्यांचा, टॉवेल-चादरींचा व्यापार म्हणजे उलाढाल मोठी आणि नफा बारीक. महिन्याची खरेदी कार्डावर फिरवली की पॉइंट साठतात हे कुणाच्या तरी सीएने सांगितलं, आणि मग दुकानादुकानांत सुरू झालं. यात वाईट काही नाही, पण पॉइंटांसाठी खरेदी वाढवणारा आणि कार्डाची थकबाकी पुढे ढकलणारा माणूस व्याजात बुडतो. त्याने हे पुस्तक विकत घेऊ नये. दुसरी खोड साठवणुकीची. मुलीच्या बाळंतपणाला वापरू, निवृत्तीनंतर वापरू. पॉइंट हे हुरड्यासारखे असतात, कोवळे असताना खाल्ले तर खाल्ले. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उतरलं. लोकांचे पॉइंट खात्यात शाबूत होते, पण ज्या विमानांसाठी जमवले ती विमानंच राहिली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब योजनेत गेले. युनायटेडच्या योजनेत ये-जा तिकिटाच्या मधोमध एक टप्पा फुकट मिळायचा, तो ऑगस्ट २०२५ पासून मिळत नाही. ज्या नियमातून लोक एका तिकिटात दोन सहली काढतात, तो नियम कधीतरी बंद होतोच. मला त्यात कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. मुळातली धास्ती खरी ठरली, एवढंच.

म्हणूनच या पुस्तकातले आकडे मी पेन्सिलीने लिहिल्यासारखे समजावेत. तिकीट काढण्यापूर्वी त्या-त्या कंपनीचा चालू नियम वाचायचाच. बदलत नाही ती कामाची पद्धत, आणि प्रकरणांचा क्रम तिच्याप्रमाणे लावला आहे. आधी कुठे थांबायचं ते ठरवायचं, मग व्हिसा, मग त्या गावावरून कुठल्या टोळीची विमानं जातात, मग त्यांपैकी कुणाच्या तक्त्यात ती वाट सरळ मोजली जाते, आणि सर्वांत शेवटी पॉइंट कुठून आणायचे. बहुतेक लोक उलट्या टोकाने येतात. आधी पॉइंट एका योजनेत वळते करतात, मग जागा शोधतात. वळते केलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत.

सोलापूर ते मुंबई या पहिल्या टप्प्याला वेगळं प्रकरण दिलं आहे, याचं काहींना हसू येईल. सोलापूरच्या विमानांच्या वाटेत आडवी येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली (तिच्यावर गावात जेवढी भाषणं झाली तेवढी विमानं अजून उडालेली नाहीत). २०२५ मध्ये जूनपासून गोव्याला आणि ऑक्टोबरपासून मुंबईला होटगी रोडच्या विमानतळावरून विमान जाऊ लागलं. पण या कंपन्या छोट्या आहेत, कुठल्याच टोळीत नाहीत. सोलापूर-मुंबई तिकीट वेगळं आणि मुंबई-सिंगापूर वेगळं. पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नाही. सामानही मुंबईला उतरवून घेऊन पुन्हा द्यावं लागतं. एक तिकीट असण्याची किंमत अशा दिवशी कळते. म्हणून परदेशी निघताना आदल्या दिवशीच मुंबई गाठावी, रेल्वेने असो की विमानाने. परतीला मात्र एवढं जपायचं कारण नाही, गाडी चुकली तर पुढची मिळते.

तारखांचं थोडं सांगून थांबतो. पॉइंटांच्या जागा प्रवासाच्या तारखेआधी वर्षाच्या थोड्या आत खुल्या होतात. बाहेरगावची मुलं घरी येतात ती संक्रांतीच्या सुमाराला, गड्ड्याच्या यात्रेला. नेमक्या त्याच दिवसांत नाताळच्या सुट्टीहून परतणाऱ्यांचीही गर्दी असते. पुढच्या गड्ड्याला यायचं असेल तर यंदाचा गड्डा उठल्या-उठल्या, फेब्रुवारीतच जागा बघायला बसावं. चौघांसाठी एकदम शोधू नये. भागीदार कंपन्या एका विमानात बऱ्याचदा दोनच जागा सोडतात, आणि चार मागितल्या की पडद्यावर एकही दिसत नाही. दोघांनी मुंबईला उतरावं, दोघांनी हैदराबादला, एका दिवसाच्या फरकाने. यात्रेचे नंदीध्वज निघेपर्यंत चौघंही घरी पोहोचलेले असतात.